दंतवैद्याची शंका आणि विद्यापीठाचे उत्तर

दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जाऊन दात तपासून घ्यावेत, हा उपदेश आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. शाळेतल्या आरोग्य-तपासणीच्या दिवशी तो कानांवर पडतो, दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्यावर तो वाचायला मिळतो, आणि तो पाळता न आल्याची एक पुसट अपराधी भावना मध्यमवर्गीय माणूस मनाशी बाळगून असतो. परंतु हा सहाचा आकडा आला कोठून, असे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वर्षातून एकदा का नव्हे? दोन वर्षांतून एकदा का नव्हे? १९७७ साली ऑब्रे शायम या अभ्यासकाने लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. सहामाही दंततपासणीला शास्त्रीय आधार आहे काय, असे त्याने विचारले, आणि तसा आधार सापडत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रश्न सरळ होता. मोठ्या प्रमाणावर प्रयोग करून त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र २०२० साल उजाडावे लागले.

मधल्या त्रेचाळीस वर्षांत दंतवैद्यकशास्त्र झोपले होते असे नाही. याच काळात जबड्याच्या हाडात धातूचे खुंट रोवून त्यांवर कृत्रिम दात बसविण्याची विद्या रूढ झाली, दात भरण्याचे नवे पदार्थ आले, क्ष-किरणांची छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली. अवघड प्रश्नांची उत्तरे मिळत गेली आणि सोपा प्रश्न जागच्या जागी पडून राहिला. तो कोठे विचारायचा, हीच खरी अडचण होती. संशोधनाची विद्या ज्यांना अवगत होती ते प्राध्यापक विद्यापीठांच्या रुग्णालयांत बसले होते. ज्यांच्याविषयी प्रश्न होता ती बरे दात असलेली, नेमाने तपासणीला जाणारी माणसे त्या रुग्णालयांची पायरी चढत नव्हती. ती जात होती आपल्या पेठेतल्या, कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे. आणि त्या दंतवैद्याला संशोधनाच्या कामात कोणी विचारत नव्हते.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. दंतवैद्यकाशी त्याचा संबंध खुर्चीत बसून तोंड उघडण्यापुरताच येतो. तथापि ज्ञान कोठे निर्माण होते, त्याची किंमत कोणी मोजायची, आणि ज्याच्या पोटावर त्या ज्ञानाने पाय येण्याचा संभव आहे तो ते निर्माण करण्यास हातभार का लावील, हे प्रश्न अर्थशास्त्राच्याच अंगणातले आहेत. सामान्य व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्यांना रुग्णांवरील संशोधनात सहभागी करून घेण्याचा जो प्रयत्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रामुख्याने ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत झाला, त्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

हॉलबाईंची टोपी

दाताला कीड लागली की किडलेला सर्व भाग कोरून काढावा, स्वच्छ झालेली पोकळी भरावी, हा आधुनिक दंतवैद्यकाचा पाया. अमेरिकेतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामाचे नियम बांधून दिले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ते गिरवीत आले. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे ठीक आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात मात्र हे नियम पाळताना काय होते, हे ज्या आईबापांनी अशा मुलाला खुर्चीत धरून ठेवले आहे त्यांना सांगावयास नको. सुई पाहून मूल तोंड मिटते. यंत्राचा आवाज सुरू झाला की हातपाय झाडू लागते. दंतवैद्य घाईघाईने जमेल तेवढे कोरतो, जमेल तसे भरतो, आणि ते भरलेले काही महिन्यांत निघून येते.

मुलांच्या दातांच्या तज्ज्ञांपाशी याला उत्तर होते. दुधाच्या किडलेल्या दाढेवर धातूची तयार टोपी, म्हणजे आपण जिला कॅप म्हणतो ती, बसवावी. ती भरलेल्या सिमेंटपेक्षा कितीतरी अधिक टिकते, असे त्यांच्या रुग्णालयांतील अनुभवावरून सिद्ध झाले होते. परंतु टोपी बसविण्याची त्यांची रीत म्हणजे आधी सुईने भूल द्यायची, कीड पूर्ण कोरायची आणि नंतर दाढ चोहोबाजूंनी घासून बारीक करायची. तज्ज्ञाच्या हाताला आणि रुग्णालयाच्या सवडीला ते जमत होते. ब्रिटनमधील सामान्य दंतवैद्य मात्र या टोप्यांच्या वाटेस क्वचितच जात होता. म्हणजे शिफारस एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे. अशा वेळी विद्वानांचा नेहमीचा निष्कर्ष असा असतो की व्यवहार करणारे अडाणी आहेत किंवा आळशी आहेत. आपल्या शेतकऱ्याविषयीही कृषिशास्त्रज्ञ एके काळी असेच बोलत असत.

स्कॉटलंडमधील डॉ. नॉर्ना हॉल या साध्या व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्य होत्या. विद्यापीठाशी त्यांचा संबंध नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी एक गोष्ट करायला सुरुवात केली, जी दंतवैद्यकाच्या कोणत्याही परीक्षेत सांगितली असती तर विद्यार्थी नापास झाला असता. त्यांनी सुई दिली नाही, कीड कोरली नाही, दाढ घासलीही नाही. योग्य मापाची टोपी निवडायची, तिच्यात सिमेंट भरायचे, ती किडलेल्या दाढेवर दाबून बसवायची आणि मुलाला चावायला सांगायचे, एवढीच त्यांची कृती. कीड आत तशीच. तिच्यामागचा तर्क असा की कीड निर्माण करणाऱ्या जंतूंना तोंडातील साखरेचा पुरवठा लागतो. तो कायमचा तोडला की आतल्या आत कीड थंडावते. टोपीमुळे दाढ सुरुवातीला थोडी उंच लागते, पण काही आठवड्यांत चावा आपोआप जुळून येतो.

अशा क्लृप्त्या जगातल्या अनेक दवाखान्यांत निघत असतील आणि त्या काढणाऱ्यांबरोबरच नाहीशा होत असतील. हॉलबाईंच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. एक म्हणजे त्यांनी नोंदी ठेवल्या. दुसरी म्हणजे डंडी विद्यापीठातील निकोला इन्स आणि डॅफिड एव्हान्स यांनी ही पद्धत पाहून नाके मुरडण्याऐवजी त्या नोंदी मागितल्या. २५९ मुलांच्या ९७८ दाढांचा तो हिशेब २००६ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि लेखकांच्या यादीत हॉलबाईंचेही नाव होते. निकाल रूढ पद्धतीच्या तोडीचा दिसत होता. पण एकाच दंतवैद्याच्या कपाटातील नोंदींनी सिद्ध असे काही होत नाही. त्या बाईंचा हात चांगला असेल, त्यांची मुले सोशिक असतील, जी मुले परत आली नाहीत त्यांचे काय झाले हे कोणास ठाऊक.

म्हणून मग खरी परीक्षा झाली, आणि ती रुग्णालयात न घेता दवाखान्यांत घेण्यात आली. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातील १७ सामान्य दंतवैद्य तयार झाले. तीन ते दहा वर्षे वयाची १३२ मुले घेण्यात आली. प्रत्येकाच्या तोंडात कीड लागलेल्या, पण अद्याप न ठणकणाऱ्या दुधाच्या दाढांची एक जोडी होती. त्या दोहोंपैकी कोणत्या दाढेवर हॉलबाईंची टोपी बसवायची आणि कोणत्या दाढेवर दंतवैद्याने आपला नेहमीचा उपचार करायचा, हे चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपविले होते. एकाच मुलाच्या एकाच तोंडात दोन्ही पद्धती. तोच आहार, तीच आई, तोच दंतवैद्य. दोन गावांतील शेतांची तुलना करताना जमीन आणि पाऊस यांचा फरक कसा वजा करावा, या चिंतेत आयुष्य घालविणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला हेवा वाटावा अशी ही योजना होती.

सुमारे दोन वर्षांनंतर पाहिले तेव्हा नेहमीच्या पद्धतीने भरलेल्या दाढांपैकी १५ टक्के दाढांत ठणका, गळू अशी गंभीर विफलता आढळली. टोपी बसविलेल्या दाढांत ती २ टक्के होती. भरलेले निघून येणे वगैरे किरकोळ विफलतेचे प्रमाण अनुक्रमे ४६ आणि ५ टक्के होते. पाच वर्षांनंतरही चित्र जवळपास तेच राहिले. मुलांना, पालकांना आणि स्वतः दंतवैद्यांना कोणती पद्धत पसंत पडली, असे विचारले असता मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी टोपीच्या बाजूने कौल दिला. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो ४६ हा आकडा. सामान्य दंतवैद्याने सामान्य दिवशी भरलेल्या दुधाच्या दाढांपैकी जवळजवळ निम्म्या दोन वर्षांत पुन्हा हाताळाव्या लागतात, ही गोष्ट तज्ज्ञांच्या रुग्णालयात बसून कधीच कळली नसती. कारण तेथे ती घडतच नव्हती.

मोहरा आणि प्यादी

सामान्य वैद्याने ज्ञानात भर घालण्याची परंपरा तशी जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले जेम्स मॅकेंझी यांनी इंग्लंडातील बर्न्ली या गिरणगावात सामान्य डॉक्टर म्हणून अनेक वर्षे काढली, आणि नाडीच्या ठोक्यांचे आलेख काढून हृदयाच्या विकारांविषयीचे मूलभूत काम तेथेच केले. रोग पिकल्यावर रुग्णालयात येतो, त्याची सुरुवात पाहायची तर सामान्य डॉक्टरच्या दवाखान्यात जावे लागते, हे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते, आणि १९१९ साली सेंट अँड्र्यूज येथे त्यासाठी त्यांनी एक संस्थाही काढली. ते गाव डंडीपासून फार लांब नाही.

दातांच्या बाबतीत असेच नाव फ्रेडरिक मॅके यांचे घ्यावे लागते. १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी त्यांनी दवाखाना थाटला तेव्हा स्थानिक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसून आले. आणखी विचित्र गोष्ट अशी की हे डागाळलेले दात किडीला दाद देत नव्हते. १९०९ पासून खुद्द ब्लॅक यांनी या शोधात त्यांना साथ दिली. पण १९१५ साली ब्लॅक वारले आणि मॅके गावोगाव हिंडत, पाण्यावर संशय घेत राहिले. १९३१ साली एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातील फ्लोराइड हुडकून काढले तेव्हा त्यांच्या तीस वर्षांच्या शंकेला उत्तर मिळाले. १९४५ च्या जानेवारीत ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला, त्याचे मूळ या एका दंतवैद्याच्या चिकाटीत आहे. आपल्याकडे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दातांवर जे डाग पडतात, ते याच जातीचे.

परंतु मॅके यांच्यासारखा माणूस शतकात एखादा निघतो. शंभर दंतवैद्यांच्या शंभर शंका एकत्र आणायच्या तर एकाच्या वेडावर विसंबून भागत नाही. त्यासाठी व्यवस्था लागते, आणि व्यवस्थेला पैसे लागतात. येथे अर्थशास्त्र सुरू होते.

खाजगी दवाखान्यातील खुर्ची ही दंतवैद्याची जमीन आहे. तिचे भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि यंत्रांच्या कर्जाचा हप्ता हे सारे खुर्चीवरच्या दर तासातून निघावयाचे असते. एका रुग्णाला प्रयोगाची माहिती नीट समजावून सांगणे, त्याच्या शंकांना उत्तरे देणे, संमतिपत्र घेणे आणि तक्ते भरणे यांत अर्धा तास जातो, असे धरून चालू. त्या अर्ध्या तासात दुसरा एक दात भरून झाला असता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच: जे केले त्याची किंमत म्हणजे त्यापायी जे करायचे राहिले ते. उलट संशोधनातून मिळणारे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. डंडीच्या दवाखान्यात सिद्ध झालेली गोष्ट धुळ्याचा दंतवैद्यही फुकट वापरू शकतो, आणि त्याने ती वापरल्याने डंडीच्या दंतवैद्याच्या पदरात काही पडत नाही. ज्याचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, ती वस्तू बाजार आपण होऊन पुरेशी निर्माण करीत नाही, हे आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. दंतवैद्य संशोधनात रस घेत नाहीत, अशी तक्रार विद्यापीठीय मंडळी जेव्हा करतात तेव्हा त्यांना हा धडा पुन्हा वाचायला द्यावा असे वाटते.

अमेरिकेत २००५ साली तेथील राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेने सात वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर देऊन व्यवसायी दंतवैद्यांची तीन जाळी उभी केली. २०१२ मध्ये त्यांच्या जागी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे केंद्र असलेले एकच देशव्यापी जाळे आले. अशा जाळ्याचा उपयोग कोठे होतो याचे एक उदाहरण पुरेसे आहे. हाडांच्या ठिसूळपणावर आणि हाडांत पसरलेल्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट जातीच्या औषधांमुळे काही रुग्णांच्या जबड्याचे हाड मरते, असे २००३ च्या सुमारास दिसू लागले. एखादा दंतवैद्य असा रुग्ण उभ्या आयुष्यात एकदाच पाहील, कदाचित पाहणारही नाही. त्या तिन्ही जाळ्यांनी मिळून ११९ दवाखान्यांतून असे १९१ रुग्ण आणि तुलनेसाठी ५७३ इतर रुग्ण गोळा केले, व या औषधांचा धोका किती मोठा आहे ते २०११ साली मोजून दाखविले. एकेका दवाखान्यातला एक किंवा दोन रुग्ण ही आठवण असते. ११९ दवाखान्यांतले मिळून ते पुरावा होतात.

पैसे मिळाले म्हणजे सर्व अडचणी संपतात असे मात्र नाही. दोन शंका मला गंभीर वाटतात. आपण होऊन संशोधनात येणारा दंतवैद्य हा सर्वसाधारण दंतवैद्य नसतो. तो अधिक जिज्ञासू, बहुधा अधिक नीटनेटका असतो. मग त्याच्या दवाखान्यातला निष्कर्ष इतरांना कितपत लागू पडेल? दुसरी शंका रुग्णाच्या बाजूची. वीस वर्षे ज्याच्या हातून दात भरून घेतले त्या डॉक्टरांनी "एका प्रयोगात भाग घ्याल का?" असे विचारल्यावर नाही म्हणणे किती जणांना जमते? अशा होकाराला भिडेखातर दिलेला होकार म्हणतात. शिवाय चिठ्ठीवर उपचार ठरवायचा तर डॉक्टरला रुग्णापुढे "यांतले चांगले कोणते ते मला ठाऊक नाही" असे कबूल करावे लागते. पंचवीस वर्षे ठामपणे बोलून ज्याने व्यवसाय जमविला, त्याच्या जिभेला हे वाक्य जड जाते. आम्हा प्राध्यापकांनाही ते फारसे सोपे जात नाही, हे मान्य करतो.

पोटावर येणारे निष्कर्ष

आता त्या सहा महिन्यांकडे वळू. डंडी आणि अ‍ॅबर्डीन येथील संशोधकांनी पुढाकार घेतलेले दोन मोठे प्रयोग ब्रिटनमधील सामान्य दवाखान्यांत झाले. पहिला कीटण काढण्याविषयीचा. दर सहा किंवा बारा महिन्यांनी दात यंत्राने साफ करून घेणे हा नियमित तपासणीला जाणाऱ्या ब्रिटिश माणसाचा परिपाठ. ६३ दवाखान्यांतील १,८७७ प्रौढांना तीन गटांत विभागण्यात आले: काहींचे दात सहा महिन्यांनी साफ केले, काहींचे बारा महिन्यांनी, आणि काहींचे साफ केलेच नाहीत. तीन वर्षांनंतर हिरड्यांतून रक्त येण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक आढळला नाही. दुसरा प्रयोग तपासणीच्या अवधीचा, म्हणजे शायम यांच्या प्रश्नाचा. ५१ दवाखाने, २,३७२ प्रौढ, चार वर्षे. सहा महिन्यांनी बोलावलेले, ज्याच्या त्याच्या धोक्याप्रमाणे बोलावलेले, आणि दंतवैद्याच्या मते ज्यांना चालण्याजोगे होते असे दोन वर्षांनी बोलावलेले, या तिघांच्याही हिरड्यांची स्थिती सारखीच निघाली. पहिल्याचा निष्कर्ष २०१८ साली आणि दुसऱ्याचा २०२० साली जाहीर झाला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे सर्व लोक नेमाने दंतवैद्याकडे जाणारे होते, आणि हिरड्यांचा गंभीर विकार असलेल्यांना कीटणाच्या प्रयोगातून वगळले होते. तेव्हा हा लेख वाचून कोणी हलणारे दात घेऊन घरी बसू नये. त्याचप्रमाणे वर्षानुवर्षे दंतवैद्याचे तोंड न पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

परंतु विचार करावा तो त्या ६३ आणि ५१ दवाखान्यांच्या मालकांचा. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ पासून चालू आहे. तरी तेथील सामान्य दंतवैद्य पगारी सरकारी नोकर नसून बहुतांशी स्वतःचा दवाखाना चालविणारा आणि सेवेशी करार केलेला व्यावसायिक असतो. नियमित तपासणी आणि सफाई हे त्याच्या उत्पन्नाचे भरवशाचे कलम. त्यानेच आपले रुग्ण दिले, आपला वेळ दिला, आणि जे सिद्ध झाले ते त्याच्याच दुकानातील खपाच्या मालाविरुद्ध गेले. ज्या उद्योगाने स्वतःच्या मालाची अशी परीक्षा स्वतःच्या दुकानात होऊ दिली, असा दुसरा उद्योग मला चटकन आठवत नाही. सेवा पुरविणाराच किती सेवा लागेल ते ठरवितो तेव्हा मागणी फुगते, हा आरोग्याच्या अर्थशास्त्रातील सर्वांना ठाऊक असलेला सिद्धांत आहे. येथे पुरवठादारच त्या सिद्धांताची तपासणी करण्यास मदत करीत होता.

गंमत याच्या पुढेच आहे. या प्रयोगांबरोबर सामान्य लोकांची पाहणीही झाली, आणि तीत लोकांनी या तपासणीला व सफाईला चांगली किंमत देण्याची तयारी दाखविली. हिरड्यांना मोजता येण्याजोगा लाभ नाही, तरीही लोकांना ते हवे. याला अज्ञान म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. दात साफ करून आल्यावर जीभ फिरविताना जे समाधान वाटते, "काही नाही, सगळे ठीक आहे" हे शब्द ऐकून जो धीर येतो, तोही उपभोगच आहे. प्रश्न इतकाच की तो उपभोग रुग्णाने आपल्या खिशातून घ्यावा की करदात्याच्या. आणि तो घेताना हा समाधानाचा सौदा आहे, औषध नव्हे, हे त्याला सांगितलेले असावे की नाही.

टोपीच्या कथेलाही एक कडू शेपूट आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील ७२ सामान्य दवाखान्यांत तीन ते सात वर्षांच्या १,१४४ मुलांवर पुढे आणखी मोठा प्रयोग झाला. कोरून भरणे, टोपी वगैरे उपायांनी कीड आत बंद करणे, आणि नुसती प्रतिबंधक काळजी घेणे, या तीन मार्गांची तुलना झाली. सुमारे तीन वर्षांत दात ठणकण्याचा किंवा पू होण्याचा प्रसंग पहिल्या गटात ४२, दुसऱ्यात ४० आणि तिसऱ्यात ४५ टक्के मुलांवर आला; म्हणजे फरक म्हणावा असा नाहीच. टेसाइडच्या १७ दंतवैद्यांनी दाढेचे भवितव्य मोजले होते. या प्रयोगाने मुलाचे मोजले. कोणत्याही मार्गाने गेले तरी पाचांतील दोन मुले कळवळली. एकदा कीड लागल्यावर वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. तज्ज्ञ कदाचित निराळा लावतील.

आपल्याकडील केसपेपर

आपल्या देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर पदवीच्या तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, आणि त्यासाठीचे रुग्ण बहुधा महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून येतात. तेथे येणारा रुग्ण स्वस्त उपचारासाठी दिवसभर रांगेत बसण्यास तयार असलेला असतो. तालुक्याच्या गावी खाजगी दंतवैद्याकडे संध्याकाळी सातनंतर जाणारा शिक्षक, कारकून, दुकानदार त्यात नसतो. शेतमालाच्या भावांचा अभ्यास करणाऱ्याने मार्केट यार्डातच बसून राहावे आणि बांधावर कधी जाऊ नये, तसे हे आहे. शिवाय आपल्याकडे दातांचा खर्च बहुतेकांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. म्हणजे अमुक उपचार टिकतो की नाही, हे जाणण्याची गरज ब्रिटिश करदात्यापेक्षा येथल्या कुटुंबप्रमुखाला अधिक आहे. आणि त्याच्या वतीने विचारणारे कोणी नाही.

ब्रिटनसारखा निधी येथे मिळेल, असे समजण्याचे कारण नाही. पण थोडक्या पैशांत करण्याजोगे काही आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदव्युत्तर प्रबंधांपैकी काही तरी प्रबंध परिसरातील आठ-दहा खाजगी दवाखान्यांच्या साहाय्याने करण्यास उत्तेजन द्यावे. एकट्या दंतवैद्यापाशी नैतिकता समिती नसते; ती महाविद्यालयाची वापरता यावी. २००७ पासून देशात वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तीत नाव दाखल करण्याचे कागदी काम विद्यार्थ्याने करावे. तक्ते भरण्याचे कामही त्याचेच. दंतवैद्याने द्यायचे ते दोन: एक आपले रुग्ण, आणि दुसरा, अधिक मोलाचा, आपला प्रश्न. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाच्या टेबलावर ठरण्याऐवजी दवाखान्यात ठरावा. आणि त्याच्या खुर्चीच्या वेळेचे मानधन, कितीही अल्प असले तरी, दिले जावे. मोफत मागितलेली मदत पहिल्या महिन्यानंतर आटते, हा महाविद्यालयीन समित्यांचा अनुभव मला येथेही लागू वाटतो.

विषयांची वाण पडणार नाही. दुधाची दाढ आपल्याकडे भरली तर किती दिवस टिकते? रूट कॅनाल केल्यावर पैशांअभावी कॅप न बसविलेल्या दाढांपैकी पाच वर्षांनी किती शाबूत असतात? तंबाखूची मिश्री लावणाऱ्या स्त्रियांना ती सोडण्याचा सल्ला दंतवैद्याने दिला तर कितीजणी सोडतात? यांची उत्तरे निदान अंशतः आजही लिहिलेली आहेत. ती पिवळ्या पडलेल्या केसपेपरांवर, हजारो दवाखान्यांच्या लोखंडी कपाटांत आहेत, आणि दवाखान्याची जागा बदलताना किंवा डॉक्टर निवृत्त होताना ती रद्दीच्या भावाने जातात. हॉलबाईही २००६ साली निवृत्त झाल्या. पण तोवर त्यांच्या कपाटातील २५९ मुलांचे कागद कोणीतरी मागून नेले होते.